एकाच सिनेमाच्या सात प्रिंट

माझ्या बायकोच्या मामांइतका एक सिनेमा जगात दुसऱ्या कुणी पाहिला नसेल. इतके सिनेमे म्हणत नाही मी, एक सिनेमा म्हणतोय. तरुणपणी मामा तंबूतल्या फिरत्या सिनेमाचे ऑपरेटर होते. गावोगावच्या जत्रांत, मशीनशेजारच्या चौकोनी भोकातून त्यांनी तो जुना रंगीत सिनेमा शेकडो वेळा पाहिला. तंबू गेले, मशीन भंगारात गेलं, पण तिसगावच्या आपल्या घरात मामा अजून तोच सिनेमा पाहतात. त्याची एक कॅसेट आणि सहा तबकड्या, अशा सात प्रिंट त्यांच्याकडे आहेत. ज्या ज्या कंपनीने 'नव्याने साफसूफ करून, मूळ रंगांत' असं छापून तो विकायला काढला, तिचे पहिले गिऱ्हाईक मामा.

सिनेमा पाहतात म्हणजे गोष्ट पाहत नाहीत. दोन टीव्ही शेजारी शेजारी मांडायचे, दोन्हींत वेगवेगळ्या तबकड्या घालायच्या आणि नायिका विहिरीवर येते त्या ठिकाणी दोन्ही थांबवायच्या. मग खिडक्या बंद, ट्यूबलाईट बंद, आणि आलेल्या माणसाची परीक्षा सुरू. "बोला जावईबापू, कुठली खरी?" आपण भाबडेपणाने ज्यात आकाश जास्त निळं ते दाखवावं, तर मामा हसतात. "रंग कुनीबी चढवतो वो. पांढरं दाखवा, पांढरं! तिची साडी बघा." एका तबकडीत ती साडी गुलाबी, दुसरीत हिरवट. तिसरीत साडी ठीक, पण पडदा रुंद करण्याच्या नादात नायिकेचं डोकं कापलेलं. चौथीत जुन्या फिल्मवरचे बारीक दाणे घालवता घालवता तिच्या चेहऱ्यावरून इस्त्री फिरवलेली. हा सगळा निकाल एका शाळकरी वहीत नोंदलेला आहे. मामी मात्र शांत असतात. "एकाच बाईला सात येळा बघत्यात," त्या म्हणतात, "सात बायांना बघितलं असतं तर बोलले असते."

आमच्याकडे नगरला आले की मामा आधी चपला काढत नाहीत, टीव्हीचा रिमोट घेतात. "मामा, आधी पाणी तरी प्या," असं बायको म्हणेपर्यंत त्यांनी आमच्या टीव्हीचा निम्मा रंग उतरवलेला असतो. ते गेल्यावर बातम्या देणारी मुलगी आजारातून उठल्यासारखी दिसते. मला तशीच ती सवयीची झाली आहे, आता आम्ही बदलतही नाही.

मागच्या वर्षी सातवी प्रिंट आली. सगळ्यांत महाग. मामांनी ती लावली आणि दहाव्या मिनिटाला बंद केली. "हळद कालवलीय सगळ्यात! साडी बघा, नवरीसारखी पिवळी." त्यांनी कंपनीला चार पानी पत्र लिहिलं आणि पाठवण्याआधी पारावर, चहाच्या टपरीवर आणि आम्हाला फोनवर वाचून दाखवलं. खरी प्रिंट पाचवी, असा त्यांचा जाहीर निकाल होता.

त्याच सुमाराला डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांत, आणि चांगला पिकलेला. मामा ऑपरेशनला भ्याले नाहीत. भ्याले ते डॉक्टर सहज बोलून गेले त्याला, की मोतीबिंदू काढल्यावर सगळं थोडं निळसर, स्वच्छ दिसतं. त्या दिवसापासून ते टाळू लागले. आधी ऊसतोड्यांच्या गाड्या निघायच्या म्हणून, मग थंडी म्हणून. वास्तविक मामांचा उसाशी संबंध फक्त रसापुरता. शेवटी मीच खोदून विचारलं, तेव्हा म्हणाले, "जावईबापू, मला काय येतं दुसरं? तो पिच्चर कसा दिसायचा, एवढंच मला ठावं हाय. ह्याच डोळ्यानं बघितलाय. उद्या डोळाच बदलला, तर माझा शब्द कोन धरंल?" इतकी वर्षं मी या माणसाची फक्त गंमत करत आलो होतो.

मामींनी गंमतही केली नाही आणि समजूतही घातली नाही. "जिन्यावरून पडला तर दोनी टीव्ही विकीन," एवढंच म्हणाल्या. उजवा डोळा झाला.

पट्टी निघाल्यावर मामांनी पाचवी लावली. साडी निळीत बुचकळून काढल्यासारखी दिसली. मग सातवी लावली. साडी पांढरी होती. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी वहीतले निकाल खोडले आणि कंपनीला दुसरं पत्र लिहिलं: 'मागील पत्रात कळवलेली हळद माझ्या डोळ्यांत होती, तरी क्षमा असावी.' हेही पारावर वाचलं. मामी म्हणाल्या, "गावभर सांगायची काय गरज हुती?" मामा म्हणाले, "चूक मशीनची न्हाई, आपरेटरची हाय. आपरेटरनं सांगायला पायजे." आणि त्यानंतर गडी असा मोकळा झाला की दोन चपात्या जास्त जेवला.

डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांना न्यायला गेलो. टीव्ही बंद होते. मामी समोर बसून शेंगा फोडत होत्या आणि मामा तळहाताने एकदा हा डोळा झाकत होते, एकदा तो.

"काय चाललंय वो?" मामींनी विचारलं.

"ह्या नव्या डोळ्यानं तुझं केस पार पांढरं झाल्यात. जुन्यानं अजून तशीच दिसतीस."

"मग? कुठली खरी?"

मामांनी पुन्हा एकदा हात या डोळ्यावरून त्या डोळ्यावर नेला. "दोनी चांगल्या हायत," ते म्हणाले. "पन जुनी उद्यापासून न्हाई मिळायची. थांब जरा, हलू नको."

त्यांनी नवा डोळा झाकून घेतला. आत गॅसवर दूध होतं, तरी मामी उठल्या नाहीत.