चमक फिरते का?

व्हर्ना टुलॉकला बर्फाचं वावडं आहे. ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडच्या आमच्या भागात माणसं चर्चला निघाली तरी गाडीत आधी बर्फाची पेटी चढवतात, तिथे हे म्हणजे अतीच झालं. कूलिबा क्रॉसिंगच्या इस्पितळात रक्ताची खोली आम्ही दोघी सांभाळतो. म्हणजे ती सांभाळते आणि मी, नोला, बोलणी खाते.

तिच्या रागाचं मूळ प्लेटलेटमध्ये आहे. लाल रक्त फ्रीजमध्ये ठेवतात, पण रक्तस्राव थांबवणाऱ्या या चपट्या कणांना गारठा सोसत नाही. प्रत्येक कणाच्या आत, कडेने, अतिसूक्ष्म नळ्यांचं वेटोळं असतं, चाळणीला कडं असतं तसं. तो त्याचा सांगाडा. गारठ्याने नळ्या विरघळतात, कडं मोडतं आणि ताटलीची गोळी होते. अशा गोळ्या शरीर फार वेळ ठेवूनच घेत नाही. कणाच्या आत धाग्यांचं जाळंही असतं. जखम झाली की ते धागे कणाला पाय फोडतात आणि मग आखडून गाठ घट्ट ओढतात. हे सगळं व्हर्ना पोस्टमनलासुद्धा ऐकवते.

प्लेटलेटची पिशवी आली की ती खिडकीशी धरून हलकेच कलंडवायची. कण चपटे असले तर पिवळट पाण्यात रेशमासारखी चमक फिरते. गोळ्या झाल्या असतील तर नुसता गढूळपणा. त्यामुळे व्हर्नाचा पहिला प्रश्न ठरलेला, "चमक फिरते का?"

आमचा ड्रायव्हर डार्सी गेल्या उन्हाळ्यात अशी पिशवी थेट बर्फात घालून घेऊन आला होता. बिचाऱ्याला वाटलं, उन्हात खराब व्हायला नको. पिशवी फेकावी लागली, आणि व्हर्नाने त्याची जी खरडपट्टी काढली ती समोरच्या पबमध्ये ऐकू गेली.

आणि परवा टॅमसिन बाळंत झाली. बेकरीतली आमची टॅमसिन. मुलगी छान झाली, पण आईचा रक्तस्राव थांबेना. रक्त चढवत होतो, पण प्लेटलेट फार उतरले होते आणि आमच्याकडे एकही पिशवी नव्हती. रात्रीच्या पावसाने धावपट्टीचा चिखल झालेला, विमान उतरेना. किनाऱ्यावरच्या रक्तपेढीतून डार्सीच पिशवी घेऊन निघाला. व्हर्ना सारखी खिडकीशी जाऊन रस्ता बघत होती.

दुपारी तो आला, तोच खांद्यावर बर्फाची पेटी घेऊन. व्हर्नाने झाकण उघडलं. आत काठोकाठ बर्फ.

"मेल्या!" तिचा आवाज फाटला. "पुन्हा? अरे, तिकडे पोरगी मरतेय!"

डार्सीने झाकण लावून टाकलं.

"ओरडतेस काय म्हातारे? ती माझी बीअर आहे."

"आणि पिशवी?"

"गाडीत."

"या उन्हात?"

"इंजिन चालू आहे, एसी चालू आहे. तू सांगितलंस तेवढाच गार. पिशवीला पुढच्या सीटवर पट्टा बांधून बसवलंय. सारखी हलती ठेव म्हणाली होतीस ना? आपल्या रस्त्याने ते काम फुकटात केलं. पाठ मोडली माझी!"

व्हर्ना त्याच्या पुढे गाडीकडे धावली. पिशवी आत आणून खिडकीशी धरताना तिचे हात इतके कापत होते की कलंडवायची गरजच पडली नाही.

"चमक फिरते का?" या वेळी मी विचारलं.

"फिरते गं. बघ ना, कशी फिरतेय!"

पिशवी वर टॅमसिनकडे गेली. आम्ही तिघं फोनकडे बघत बसलो. कुणी कुणाला टोमणा मारला नाही, यावरूनच ओळखा. बऱ्याच वेळाने वरून नर्सचा फोन आला, "थांबलं. टॅमसिन बाळाला मागतेय."

मला इतकं हलकं वाटलं की मी डार्सीलाच मिठी मारली. व्हर्ना मात्र त्या बर्फाच्या पेटीवर बसून मोठमोठ्याने रडायला लागली.

डार्सी गडबडला. "अगं, रडायचं तर रड, पण झाकणावरून ऊठ. चीर गेली तर बीअर गरम होईल."

"होऊ दे," व्हर्ना नाक पुसत म्हणाली. "सुटी झाली की गरमच पिईन आज."