कांद्याच्या पातीवरचा थेंब

देऊळघाटच्या आमच्या वावरात सकाळचं दव पडलेलं असलं, की मी कामाची उरतच नाही. कांद्याच्या पातीवर थेंब बसत नाही मुळी, नुसता टेकतो. जरा वारा आला की घरंगळत बुडाशी जातो आणि पात मागे कोरडीच्या कोरडी. बघता बघता माझे डोळे जड होतात.

"निंदून राह्यली का झोपून राह्यली वं?" मामाजी, म्हणजे माझे सासरे, बांधावरून विचारायचे. मी खुरपं हलवल्यासारखं करायची.

लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात त्यांनी कांद्याचे चार वाफे माझ्या हवाली केले. "तिले काय समजते कांद्यातलं?" नवरा माझ्यादेखतच म्हणाला. ते मला फार लागलं. ठीक आहे, म्हटलं, सगळ्या वावरात माझेच वाफे हिरवेगार करून दाखवते.

करपा रोगावरची फवारणी आली. औषध पातीला धरून राहावं म्हणून मामाजी पंपात चिमूटभर कपडे धुण्याची पावडर टाकत. तरी थेंब ओघळताना मला दिसलेच. ज्या थेंबाचं एवढं कौतुक, त्याचाच राग आला. माझ्या पंपात मी दोन मुठी पावडर टाकली. पाणी पातीला असं लपेटून बसलं, की मी गुणगुणतच घरी आले.

चार दिवसांत शेंडे पांढरे पडले. पातीवर पाणी टिकू न देणारा पिठासारखा पुसट थर असतो, तो पार धुऊन गेला होता. दव पडलं की माझी पात भिजून लोळायची, एक थेंब उभा राहीना. मग करपाही पहिल्यांदा माझ्याच वाफ्यांत शिरला. मी बांधावर बसून रडले, अगदी पोटभर.

मामाजींनी ओंजळभर पाणी शिंपडून पाहिलं. शेजारच्या वाफ्यात ते पळालं, माझ्या वाफ्यात पसरलं. ओले हात झटकून ते घराकडे वळले, त्यानं मला जास्तच भीती वाटली.

रात्री दोघांना जेवायला वाढताना मी सांगून टाकलं, "दोन मुठी पावडर टाकली म्या."

नवऱ्यानं हातातला घास ताटात ठेवला. "मी म्हटलं नव्हतं?" तो मामाजींना म्हणाला. माझा हात भाकरीच्या टोपलीतच राहिला.

मामाजींनी भाकर मोडली, वरणात कुस्करली.

"पुढची फवारणी बी हीच करनार," ते त्याला म्हणाले. "तू फक्त पाणी भरून देजो हिले."