चाकं बाहेर, काकू आत

जगातल्या झाडून सगळ्या मोटारींची चाकं गरजेपेक्षा आत बसवलेली आहेत, असं आमच्या भूगावच्या घरमालकांचं ठाम मत होतं, आणि ते त्या त्या मोटारीच्या मालकाला ऐकवल्याशिवाय ते पुढे सरकत नसत. चांदणी चौकात गाड्या तुंबल्या की बाकीचं जग हॉर्न वाजवायचं. आमचे घरमालक खिडकीतून मान काढून शेजारच्या गाडीच्या चाकांकडे कीव आल्यासारखे बघत बसायचे. पुतणीला बघायला आलेल्या एका चांगल्या मुलाला त्यांनी नुसत्या गाडीवरून नापास केलं. "चाकं बगा कशी पोटात घेतल्यात. मानूस लई जपून जगनारा हाय!" पुतणीने हट्टाने त्याच्याशीच लग्न केलं. तो खरोखरच जपून जगणारा निघाला, आणि दोघं सुखात आहेत.

भातखाचरं बिल्डरकडे गेल्यावर लोक बंगला बांधतात, तसा यांनीही बांधला; पण वर एक लाल, दोनच माणसांची जुनी स्पोर्ट्स कारही घेतली. गाडी देखणी होती. फक्त मागची चाकं मडगार्डच्या बोटभर आत होती, आणि तेवढ्यावरून घरमालकांना अन्न गोड लागेना. यावर उपाय म्हणजे स्पेसर. चाक आणि गाडी यांच्यामध्ये बसवायची धातूची चकती, चाकाला बाहेर ढकलणारी. ती किती जाड हवी, या विचारात त्यांनी अख्खा उन्हाळा घातला. बांधकामातून उरलेला ओळंबा मडगार्डला लावून ते उकिडवे बसत आणि मला हाक मारत, "ओ इंजिनेर, खाली या जरा!" माझं इंजिनियरिंग कॉम्प्युटरपलीकडे जात नाही, हे त्यांना कधीच पटलं नाही. आमच्या चर्चेत मिलिमीटरला स्थान नव्हतं. पापड, थालीपीठ आणि भाकरी हीच मापं. मी थालीपिठाच्या बाजूने होतो. पिरंगुटचा गॅरेजवाला म्हणाला, "चाचा, मोटावाला डालो, पब्लिक देखती रह जाएगी," आणि भाकरी ठरली.

स्पेसर बसले, त्यांना पुरतील असे लांब बोल्ट बसले, चाकं मडगार्डच्या काठाला आली आणि गाडी पैलवानासारखी पाय फाकून उभी राहिली. घरमालकांनी आपल्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, हाक मारली. लवासापर्यंत फेरी ठरली. काकू ठेवणीतली साडी नेसून शेजारी बसल्या, गाडी फाटकाबाहेर पडली, आणि पहिल्याच खड्ड्यात मागून आवाज आला, खर्रर्र! टायर मडगार्डला घासत होतं. घरमालक एकटे गेले की आवाज नाही. काकू बसल्या की खर्रर्र.

मग तपास सुरू झाला. काकूंच्या जागी इंद्रायणी तांदळाचं पोतं ठेवून घरमालक उरवड्यापर्यंत जाऊन आले. "घासत न्हाई!" त्यांनी अंगणातून जाहीर केलं. त्यावर आणखी एक पोतं चढवलं. फाटकातच खर्रर्र झालं. एवढं होईतो आम्ही सगळे भाडेकरू गॅलरीत जमलो होतो, आणि काकू दारात उभ्या होत्या.

"म्हंजी मी दोन पोत्यांची व्हय?" एवढंच म्हणून त्या आत गेल्या. भांडल्या नाहीत. फक्त त्यानंतर गाडीत बसल्या नाहीत.

घरमालक एकटेच फिरू लागले. पिरंगुटात पोरं गाडीचे फोटो काढत, आणि हे पडक्या चेहऱ्याने परत येत. "बघतात की नाही लोक?" मी विचारलं. "बगत्यात की," ते म्हणाले, "पन बगत्यात म्हून सांगायचं कुनाला? शेजारची शीट मोकळी."

एका सकाळी ते जॅक आणि पाना घेऊन स्वतःच बसले आणि स्पेसर काढून टाकले. "बेरिंगवर तान येतो," मी न विचारताच मला सांगितलं. काकू बाहेर आल्या. पुन्हा आत गेलेल्या चाकांकडे त्यांनी जरा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "थांबा, कुकर उतरवून आले."

आता घरमालकांना नीट दिसत नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली आहे. गाडी पोर्चमध्येच असते. संध्याकाळी दोघं तिच्यात जाऊन बसतात, काचा खाली करून, चहाचे कप घेऊन. घरमालक हात हलवून काहीतरी सांगत असतात, काकू हसत असतात. परवा मी काकूंना म्हणालो, "नुसती उभी आहे, विकून का टाकत नाही?"

"असू द्या," काकू म्हणाल्या. "घरात ह्ये माज्याशी येवढं बोलत न्हाईत."