बंद घरातला रांजण

चिकनगुनियाच्या साली मी हेदवीच्या अलीकडच्या एका वाडीत आरोग्यसेविका होते. ताप उतरला तरी दुखणं सांधे सोडत नव्हतं. बसलेली माणसं उठेनात आणि उठलेली बसेनात. डास कुठे वाढतोय ते शोधायचं काम माझ्याकडे होतं. घरोघरी जायचं, साठलेल्या पाण्यात टॉर्च मारायची, अळ्या दिसल्या की पाणी ओतून भांडं पालथं घालायचं.

पण वाडीतल्या बायका माझ्याहून हुशार. मी पाणंदीत दिसले की पिंपं घासूनपुसून उपडी. वर चहा, आणि "बाय, जेवलीस काय?" आठवडाभर हिंडून मला पित्त झालं, अळी मात्र एक सापडली नाही. नवे रोगी येतच होते. शेवटी वैतागून मी त्यांची घरं कागदावर मांडली, तर बहुतेक एका कुलूपबंद घराच्या आसपासची. त्या दारावर मी दर खेपेला खडूने 'बंद' लिहून पुढे जात होते. जिथे माणूस नाही तिथे पाणी कुठलं, असा माझा हिशेब.

किल्ली शेजारच्या आजींकडे होती. घर त्यांच्या मुलाचं, मस्कतच्या कमाईतून बांधलेलं. तीन वर्षांत तो आला नव्हता. तापाने सुरुवातीलाच धरलेल्यांपैकी आजी एक. त्यांच्या हाताची मूठ अजून वळत नव्हती.

"तिथं काय नाय गो," म्हणत त्या किल्ली देईनात. मी आवाज चढवला. त्याची मला आजही लाज वाटते.

आत स्वयंपाकघरात एक रांजण होता. वरची फळी अर्धवट सरकलेली. टॉर्च मारली तर पाणी नुसतं वळवळत होतं.

भिंत धरत आजी मागोमाग आल्या. माणूस परमुलखात असला की त्याच्या घरातलं पाणी आटू द्यायचं नाही, असं त्यांच्याकडे पाळत. त्या रोज शिळं पाणी ओतून ताजं भरायच्या. दुखण्यात कळशी उचलेना, आणि दुसऱ्या कुणाला सांगायचा संकोच.

"पाणी वत," त्या म्हणाल्या, "पण पालथा नको घालूस. तो येयाचा हाय."

मी पाणी ओतलं, रांजण आतून काथ्याने खसाखसा घासला, उन्हात वाळवला. मग विहिरीचं पाणी आणून भरला आणि तोंडाला फडकं घट्ट बांधलं. वहीत लिहिलं, पालथा घातला. नोकरीतली माझी ती एकच खोटी नोंद. पुढे दर दोन-तीन दिवसांनी जाऊन मी पाणी बदलत राहिले. हळूहळू नवे रोगी येईनासे झाले. त्या बाईवर माझा जीव जडला होता, हे कबूल करायला काय हरकत आहे?

दिवाळीनंतर मुलगा आला. मी पाणी बदलायलाच गेले होते. आजींनी रांजणातल्या पाण्याचा तांब्या दोन्ही तळव्यांत धरून त्याच्यापुढे केला. त्याने हातातली पाण्याची बाटली दाखवली.

"नको आई, प्रवासात पोट बिघडलंय."

आजींनी तांब्या मागे घेतला. मग माझ्याकडे वळल्या.

"तू पी बाय," म्हणाल्या. "इतके दिस तूच भरलंस."

मी तांब्या रिकामा केला.