उजवा कौल

काल नोएडाच्या फ्लॅटमध्ये कूलर सुरू केला, ओल्या वाळ्याचा वास आला आणि आईची देवी आठवली.

बाबांची नागपूरला बदली झाली होती. मला मात्र मुनिरकात खोली घेऊन दिल्लीतच शिकायचं होतं. आई म्हणाली, "देवीला कौल लावू." मूर्तीवर ओलं फूल चिकटवायचं; उजवीकडे पडलं तर हो, मी दिल्लीत राहायचं; डावीकडे पडलं तर नाही.

टीव्हीवर मॅच, ओट्यावर कुकर, खाली भाजीवाल्याची आरोळी. या गोंगाटात देवी काय बोलणार? फूल उजवीकडे पडलं.

"कूलरची हवा आहे यार," मी म्हणाले.

"यार काय? आई आहे मी तुझी. जा, बंद कर."

मी कूलर बंद केला, टीव्हीही. आईने पुन्हा फूल लावलं. घामाघूम होऊन आम्ही बघत बसलो. पुन्हा उजवीकडेच!

दुसऱ्यांदा तिने फूल मुद्दाम उजवीकडे कलतं लावलं, हा माझा संशय अजून गेलेला नाही. विचारलं की ती नुसती हसायची.

पण मी नागपूरला सोबत यावं म्हणून रोज डोळ्यांत पाणी आणणारी तीच होती. मग फूल उजवीकडे लाव, असं तिला कोणी सांगितलं?