बाजेवरच्या फोडींवर गुलाल

निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी मी कैरीच्या फोडी हळद-मीठ लावून अंगणात बाजेवर वाळत घातल्या होत्या. अर्ध्या माझ्या, अर्ध्या शेजारणीच्या. ती मुसलमान, नवरा मोटरसायकली दुरुस्त करतो. घाटंजीत आमच्या दोन घरांची भिंत एक आहे. लोणचं आम्ही कित्येक वर्षं एकत्र घालतो. अडकित्ता माझा, मसाला तिचा. बरणी मुरेपर्यंत माझ्या मागच्या खोलीत राहते, कारण तिच्या घरावरचे टिन तापतात. हवं तेव्हा येऊन ती बरणी हलवून जाते.

त्या दिवशी दोन मिरवणुका निघाल्या. आधी दिल्लीत जिंकलेल्यांची, मग आमच्या भागात जिंकलेल्यांची. दोन्ही आमच्याच गल्लीतून. महिनाभर एकमेकांना शिव्या देणारे सगळेच जिंकल्यासारखे नाचत होते. मला काही ते खरं वाटलं नाही. दार लावून मी घरात बसले.

गलका संपल्यावर बाहेर आले तर फोडींवर गुलाल. शेजारीण बाजेपाशी उभी होती.

"काकू, पाहा तुमच्या लोकायनं काय केलं."

"माझे लोक कोण वं?"

"पहिल्या मिरवणुकीतले. मुद्दाम टाकला. फोडी कोणाच्या आहेत, गल्लीत सगळ्यायले माहीत आहे."

"अन् दुसऱ्या मिरवणुकीत तुझा नवरा नाचत होता, ते? त्याचा शर्ट पाह्य जाऊन."

"तो काय आपल्याच फोडीवर टाकन?"

"नाचणाऱ्याले कुठं काय दिसते?"

फडक्यानं पुसून पाहिलं. ओलसर फोडीला गुलाल चिकटला तो निघेना. धुतल्या तर लोणच्याला बुरशी येणार. सगळ्या उकिरड्यावर टाकल्या.

रिकामी बाज झटकताना तिनं विचारलंच.

"काकू, खरं सांगा, तुम्ही मत कोणाले देल्लं?"

"नवरा मरेपर्यंत विचारत होता. त्याले नाही सांगतलं, तुले कायले सांगू?"

एरवी ती हसली असती. या वेळी बाज झटकत राहिली. मी तिला मत सांगितलं असतं तरी तिनं खरं मानलं नसतं, आणि तिनं सांगितलं असतं तर मीही नसतं मानलं.

आठवडी बाजारातून पुन्हा कैऱ्या आणल्या. या खेपेला फोडी घरातच वाळवल्या. मसाला ती दरवर्षी माझ्या चुलीपाशी बसून भाजायची, यंदा घरूनच भाजून, झाकून घेऊन आली. फोडींवर घालण्याआधी मी तो हुंगला. का हुंगला, मलाही सांगता येणार नाही. तिनं ते पाहिलं.

तेल ओतून झाल्यावर ती घरात गेली आणि स्वतःची बरणी घेऊन आली.

"माझं अर्धं आत्ताच देऊन टाका, काकू."

"मुरलं नाही अजून. तुझ्याकडे टिन तापतात. खराब होईन."

"होऊ द्या."

मी पळीनं अर्धं काढून दिलं. काठोकाठ भरलं, म्हणजे मागून बोलायला जागा नको. ती बरणी कडेवर घेऊन गेली.

माझ्या बरणीला फडकं बांधलं आणि मागच्या खोलीला, पहिल्यांदाच, कडी लावली.