गुरुजींच्या कमरेचं माप

जऊळक्याच्या स्टेशनाजवळ माझं शिलाईचं दुकान होतं, तेव्हाची ही गोष्ट. गावात बहुतेक जण धोतर नेसायचे. शाळेचे गुरुजी मात्र पॅन्ट घालायचे आणि त्यांना त्याचा भारी अभिमान होता. दरवर्षी शाळा उघडायच्या आधी ते माझ्याकडून दोन पॅन्टा शिवून न्यायचे.

पहिल्या वर्षी त्यांची कंबर बत्तीस भरली होती, सीट, म्हणजे मागचा घेर, छत्तीस. पुढं हातपाय तसेच काटकुळे राहिले, पोट मात्र सुटत गेलं. मी टेप गुंडाळला की ते श्वास आत ओढून धरायचे आणि विचारायचे, "काय भरली रे?"

"तेवढीच हाये गुरुजी, मांगच्या सालची."

खोटं होतं ते. खरा आकडा मी वहीत लिहायचो आणि कापड त्या मापानं कापायचो. गुरुजी खुश होऊन जायचे. ते गेले, की दुकानात बसलेल्यांना मी तो आकडा वाचून दाखवायचो. "गुरुजीले सातवा महिना लागला," म्हणायचो. सगळे पोट धरून हसायचे, आणि सगळ्यात मोठ्यानं मी.

एकदा वाशीमच्या दवाखान्यातले एक डॉक्टर कोट शिवायला आले होते. त्यांच्यासमोरही मी तेच बोललो. ते हसले नाहीत. वही मागून त्यांनी ते पान वाचलं.

"कंबर एकोणचाळीस आणि सीट सदतीस? यांना तहान फार लागते का हो?"

लागायची. माप देता देता ते दोनदा तांब्या मागायचे.

डॉक्टर म्हणाले, "सगळं अंगच जाड असलेल्या माणसापेक्षा मला अशांची जास्त काळजी वाटते. मांड्या बारीक आणि चरबी सगळी पोटावर. त्यांच्या लघवीत बरेचदा साखर सापडते. तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, पण त्यांना माझ्याकडे पाठवा."

"धाडतो," मी म्हणालो.

धाडलं नाही. सांगायचं तर आधी इतक्या वर्षांचं खोटं कबूल करावं लागलं असतं. एकदा ते स्टेशनावर भेटले, तेव्हा शब्द ओठांवर आले होते. पण ते हसून म्हणाले, "अजून तीच कंबर हाये ना आपली?" आणि मी मान हलवली.

पुढच्या वर्षी शेतातून येताना त्यांच्या पायात बाभळीचा काटा मोडला. जखम भरेना, पाय काळा पडत गेला. अकोल्याला नेलं तेव्हा साखरेचा आजार कळला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

दोन महिन्यांनी ते कुबड्या घेऊन दुकानात आले. खांद्यावरच्या पिशवीतलं पॅन्टचं कापड त्यांनी टेबलावर ठेवलं. "एक पाय आखूड शिवजो," एवढंच म्हणाले. मी हातातला टेप खाली ठेवला. मी त्यांना सगळं सांगून टाकलं, खोटी मापं, दुकानातलं हसणं, डॉक्टरांचा निरोप.



"म्हंजे तुले मालूम होतं?"

"हो गुरुजी."

"मंग सांगतलं काहून नाही?"

 त्यांनी कापड उचललं, नीट घडी करून पिशवीत टाकलं आणि निघून गेले.

नंतर ते डॉक्टर नवा कोट शिवायला आले, तेव्हा मी त्यांना विचारलं, "आधी सांगतलं असतं तं पाय वाचला असता का?" ते म्हणाले, "सांगता येत नाही. कदाचित वाचला असता." त्या 'कदाचित'चं काय करावं, ते मला आजवर कळलेलं नाही.

गुरुजी धोतर नेसायला लागले. दुकानाची पायरी ते पुन्हा चढले नाहीत. रस्त्यात दिसले तर "कसा हायेस?" असं पहिल्यासारखंच विचारायचे, आणि मी खाली मान घालून "बरा हाये" म्हणत पुढं सटकायचो.